संरक्षण, स्मरण आणि संयम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायात बाभळीचा काटा रुततो. तो काढला जातो, रक्ताचा थेंब पुसला जातो आणि माणूस आपल्या कामाला लागतो. सायंकाळपर्यंत ती जागा लाल होते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण येते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, काटा चिघळला. क्वचित थोडा पू येतो, आणि आठवडाभरात सारे शांत होते. काटा उजव्या पायाला लागला होता की डाव्या, हेही पुढे आठवत नाही.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. ती कोणामुळे उत्पन्न होतात, याचे उत्तर मिळायला मात्र अठराशे वर्षे लागली. ती काट्याने केलेली नसतात, आणि काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंनीही बहुतांशी केलेली नसतात. ती शरीर स्वतः निर्माण करते. जखमेभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो म्हणून सूज. आणि त्या गर्दीत मज्जातंतू चेतवले जातात म्हणून ठणका. हे सारे कशासाठी, तर रक्तातील रक्षक पेशींना जखमेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी व्हावी यासाठी. म्हणजे ज्याला लोक रोग म्हणतात, त्यातील बराच भाग हा प्रत्यक्षात बचाव असतो. कोणत्याही संसर्गात रोग्याला होणाऱ्या त्रासापैकी जंतूंचा वाटा किती आणि रक्षकांचा किती, हा प्रश्न मनात ठेवला म्हणजे प्रतिकारसंस्थेचे काम नीट उलगडते.

लढाई मुळात होऊच नये, अशीच शरीराची पहिली व्यवस्था आहे. अखंड त्वचेतून फारच थोडे जंतू आत शिरू शकतात. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केस कफाचा थर सतत वर ढकलत असतात. जठरातील आम्लात अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात. अश्रू, लाळ आणि नाकातील स्राव यांत जंतूंची भिंत विरघळवणारे लायसोझाइम असते. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये ते शोधले, तेही सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्रावात. आतड्यात वस्तीला असलेले अब्जावधी निरुपद्रवी जंतूही जागा अडवून उपद्रवी जंतूंना थारा मिळू देत नाहीत. या तटबंदीला खिंडार पडले, तरच पुढचे सारे घडते.

पुढे काय घडते, ते प्रथम पाहिले इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. ते वैद्य नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. १८८२ साली ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कस पाहायला गेलेली असताना ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाचे काचेसारखे पारदर्शक डिंभ पाहत होते. त्यांच्या शरीरातील काही पेशी स्वतःच इकडेतिकडे फिरतात, हे त्यांना दिसले. या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? बागेतून गुलाबाचे काही काटे आणून त्यांनी ते डिंभांच्या त्वचेखाली खोचले. उत्सुकतेने त्यांना रात्री झोप लागली नाही. पहाटे पाहतात, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी म्हणतात.

माणसाच्या रक्तातील अशा पेशींपैकी सर्वाधिक संख्या न्यूट्रोफिल या पेशींची असते. रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा जो आकडा असतो (निरोगी प्रौढात साधारण ४,००० ते ११,००० प्रति घनमिलिमीटर), त्यातील अर्ध्याहून अधिक पेशी बहुधा याच असतात. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात, आणि त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे असते. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः या पेशींचीच प्रेते. पू पाहून किळस येते हे खरे. पण शरीरासाठी धारातीर्थी पडलेल्यांचा तो ढीग असतो, हे कळल्यावर ती किळस थोडी तरी ओसरावी.

तापाचेही असेच आहे. जंतूंची चाहूल लागताच रक्षक पेशी काही रसायने रक्तात सोडतात, ती मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रापर्यंत पोहोचतात, आणि ते केंद्र शरीराचे तापमान मुद्दाम वर नेते. अंग अद्याप त्या पातळीला पोहोचलेले नसते, म्हणून भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते आणि रोगी गोधडी मागतो. स्नायूंच्या थरथरीतून उष्णता निर्माण होते. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि रक्षक पेशींची चपळाई वाढते. ताप उतरवणारी गोळी रोग्याला आराम देते, आणि तो आराम देणे योग्यच आहे. परंतु गोळीने ताप उतरला म्हणजे संसर्ग गेला, असे मात्र नव्हे.

भक्षक पेशींचा हा बचाव जन्मजात आहे. तो तत्काळ सुरू होतो. पण त्याला गेल्या वर्षीचा शत्रू नेमका ओळखून ठेवता येत नाही. तसे पाहिले तर स्मरणावाचून माणसाचा निभाव लागला नसता. या स्मरणाचा सर्वांत सुंदर पुरावा फॅरो बेटांवर मिळाला. उत्तर अटलांटिक समुद्रातील या डॅनिश बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा तरुण डॉक्टर गावोगाव हिंडून नोंदी करू लागला. याआधी तेथे गोवर आला होता १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या साथीत बालपणी गोवर निघालेले काही वृद्ध अजून हयात होते. त्यांच्यापैकी एकालाही या वेळी गोवर झाल्याचे पानुम यांना आढळले नाही. त्या साथीतून तेव्हा सुटलेल्या वृद्धांना मात्र या वेळी गोवराने गाठले. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर आलाच नव्हता; म्हणजे कोणी उजळणी करून घेतली नव्हती. नातवंडांची नावे विसरणाऱ्या म्हाताऱ्याच्या शरीराला पासष्ट वर्षांपूर्वीचा शत्रू आठवत होता!

हे स्मरण सांभाळणाऱ्या पेशींना लसीका पेशी म्हणतात. त्यांतील बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याला निकामी करतात किंवा भक्षक पेशींना तो दाखवून देतात. टी-पेशींपैकी काही पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात, तर काही इतर रक्षकांना साहाय्य करतात. प्रत्येक लसीका पेशी एकाच विशिष्ट आकाराला ओळखते, आणि असे आकार ओळखणाऱ्या अब्जावधी प्रकारच्या पेशी शरीरात असतात. पण माणसाच्या शरीरातील जनुके अवघी वीस हजारांच्या आसपास. मग एवढी विविधता येते कोठून? स्वित्झर्लंडमधील बाझल येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये याचे उत्तर दिले. लसीका पेशी घडताना तिच्यातील जनुकांचे तुकडे कापले जातात आणि नव्याने जुळवले जातात. प्रत्येक पेशीत जुळणी वेगळी. बाराखडीतील अक्षरे मोजकी असतात, पण शब्दांना अंत नसतो, तसे हे आहे. ज्या जंतूशी माणसाची अद्याप गाठच पडलेली नाही, त्याला ओळखणारी पेशीही बहुधा आधीपासून शरीरात वाट पाहत असते.

ती असते, पण फार थोडी असते. जंतू लसीका गाठीत आणला जातो, तेथे त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी सापडतात आणि त्या झपाट्याने विभागून आपली संख्या वाढवतात. जांघेतले किंवा काखेतले अवधाण म्हणजे ही गजबज. या तयारीला पहिल्या वेळी साधारण आठवडा लागतो, आणि तोपर्यंत रोगी अंथरुणावर असतो. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर तयारी इतकी लवकर होते की माणसाला अनेकदा पत्ताही लागत नाही.

लस म्हणजे दुसरे काही नव्हे, तर रोगाची किंमत न मोजता मिळवलेले हे स्मरण. हिंदुस्थानात तिचा आरंभ मुंबईत झाला. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, आणि तिच्या हातावरील फोडातून निघालेली लस पुढे देशभर नेली गेली. १९७७ मध्ये सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण नोंदला गेला आणि १९८० मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे घोषित झाले. मुंबईशीच निगडित असलेली दुसरी कथा प्लेगच्या लसीची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ साली आलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मेलेल्या जंतूचा चेहरा दाखवूनही शरीराला शत्रूची ओळख पटते, हे हाफकिन यांनी हजारो मुंबईकरांवर सिद्ध केले.

काही शत्रू या स्मरणावरच घाला घालतात. गोवर हा त्यांतील एक. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच ग्रासतो. गोवराआधी आणि गोवरानंतर घेतलेले मुलांचे रक्त तपासून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की इतर जंतूंविरुद्ध जमवलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के भाग या आजाराने पुसला गेला होता. गोवर बरा झाल्यावरही पुढे दीर्घकाळ मूल वरचेवर आजारी का पडते, याचा उलगडा यातून होतो. ‘गोवर काय, सगळ्यांनाच निघतो’ असे म्हणून लस टाळणारी कुटुंबे सुशिक्षितांतही आढळतात. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन मात्रा सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. जनुकांच्या तुकड्यांची जुळणी यदृच्छेने होते, म्हणजे काही पेशी स्वतःच्याच शरीराला शत्रू समजणाऱ्या निघणारच. त्यांचे काय होते? छातीच्या मधल्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते आणि तारुण्यानंतर सुकत जाते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव पडले. फार काळ ती निरुपयोगी समजली जात असे. जाक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की टी-पेशी येथेच घडतात. त्या केवळ घडत नाहीत, त्यांची परीक्षाही येथेच होते. ज्या पेशी काहीच ओळखू शकत नाहीत त्या बाद होतात, आणि ज्या स्वकीयांवर तुटून पडतील त्याही बाद होतात. शंभरातील नव्वदाहून अधिक पेशी या परीक्षेत मरतात. इतकी कठोर निवड कोणत्याही सैन्यात होत नसेल.

तरीही काही पेशी निसटतात. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाला वाटत होते, की निसटलेल्यांना आवरणाऱ्या पेशीही शरीरात असल्याच पाहिजेत. त्या काळी ही कल्पना जवळजवळ टाकून दिली गेली होती. १९९५ मध्ये त्यांनी अशा पेशी दाखवून दिल्या. इकडे अमेरिकेत मेरी ब्रँकाव आणि फ्रेड रॅम्सडेल हे दोघे एका विलक्षण जातीच्या उंदरांचा अभ्यास करत होते. १९४० च्या दशकात एका प्रयोगशाळेत आपोआप उपजलेल्या या जातीतील रोगी नरांच्या कातडीला खवले येत आणि ते काही आठवड्यांतच मरत. त्यांचे रक्षकच त्यांच्या शरीरावर उलटलेले असत. २००१ मध्ये या दोघांनी त्यामागचे सदोष जनुक शोधले, आणि त्याच जनुकातील दोषामुळे मुलग्यांना होणारा एक दुर्मीळ, घातक रोगही ओळखला. साकागुची यांना सापडलेल्या नियामक पेशी घडवणारे जनुक हेच, हे लवकरच स्पष्ट झाले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. या मुलांच्या शरीरात लढणाऱ्या पेशी भरपूर असतात. त्यांना थांबवणाऱ्या नसतात. तेवढ्या एका उणिवेने तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि अंगभर इसब होऊन, उपचार न झाल्यास मूल दगावते.

रक्षकांचा अतिरेक एरवीही परिचित आहे. संधिवाताच्या एका प्रकारात ते सांध्यांवर उलटतात, बालपणीच्या मधुमेहात स्वादुपिंडातील पेशींवर. डेंग्यूचा दुसरा संसर्ग वेगळ्या प्रकारच्या विषाणूने झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे काही रुग्णांत उपकाराऐवजी अपकार करतात. आणि २०२० चे वर्ष कोण विसरेल? करोनाच्या अत्यवस्थ रोग्यांत फुफ्फुसांची हानी पुष्कळदा विषाणूपेक्षा रक्षकांच्या भडक्यानेच होत होती. त्या वर्षी जून महिन्यात ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त, प्रतिकार शमवणाऱ्या औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र या औषधाचा लाभ झाला नाही. या दुसऱ्या वाक्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले, कित्येकांचे प्राण गेले. या बुरशीचे बीजाणू माती आणि हवा यांत सर्वत्र असतात. प्रत्येक माणूस ते श्वासावाटे आत घेतो आणि त्याला काही होत नाही. त्या रुग्णांपैकी पुष्कळांना मधुमेह होता आणि पुष्कळांना स्टिरॉइड दिलेले होते. पहारेकरी झोपी गेले की एरवी दखल घेण्याच्याही लायकीचे नसलेले शत्रू घरात शिरतात.

म्हणून ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेला सावधपणे सामोरे जावे. करोनाच्या काळापासून काढे, चूर्णे, गोळ्या आणि बाटल्या यांवर हे शब्द ठळक छापलेले असतात. एखाद्या पेयाने रक्षक पेशी खरोखरच बारा महिने चेतवल्या असत्या, तर ते पिणाऱ्याला बारा महिने कणकण आणि अंगदुखी सोसावी लागली असती. मोजून वाढवावी अशी ती एकच शक्ती नाही. ती अनेक पेशींची परस्परांशी असलेली तोल राखणारी व्यवस्था आहे. तिला चेतवण्यापेक्षा तिचे कोठे उणे पडते आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

वार्धक्यात ते उणे पडतेच. लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्यांच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तो विषाणू आयुष्यभर दडून राहतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की साठीनंतर तोच नागीण होऊन बाहेर येतो. नागीण दुसऱ्याकडून लागत नाही, ती आतूनच उठते. नियंत्रणाबाहेर गेलेल्या मधुमेहातही रक्षक पेशी मंदावतात. पण आपल्या देशात हे उणे पडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जुने कारण अर्धपोट हे आहे, आणि त्याचा सर्वाधिक लाभ क्षयाचे जंतू घेतात.

क्षयाच्या जंतूंशी शरीर विलक्षण चिकाटीने वागते. त्यांना मारता आले नाही, तर भक्षक पेशी त्यांच्याभोवती गाठ बांधून त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. जगातील सुमारे एक-चतुर्थांश लोकांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला आहे; त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात प्रत्यक्ष क्षय होतो. बाकीच्यांच्या शरीरातील तट टिकून राहतो. शरीराला अन्न मिळेनासे झाले की तो ढासळतो.

झारखंडमध्ये भारतीय संशोधकांनी यावर एक मोठा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाच्या २,८०० रुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. औषधाबरोबर शिधा सर्वच रुग्णांना दिला गेला. निम्म्या भागांत मात्र रुग्णाच्या घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. प्रौढाला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिले, आणि फुफ्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे सुमारे ४८ टक्क्यांनी. रक्षक पेशी अखेर प्रथिनांच्याच घडतात, आणि त्या घरांत ती तूरडाळीतून आली.

केंद्र सरकारच्या योजनेत सप्टेंबर २०२२ पासून कोणतीही संस्था, मंडळ किंवा व्यक्ती ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून, संमती देणाऱ्या क्षयरुग्णाला किमान सहा महिने शिधा पुरवू शकते. नोंदणी संकेतस्थळावर होते, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील क्षयरोग विभागात त्याची माहिती मिळते.